अर्धं पाऊल पुढे

शिकवणीच्या पहिल्याच दिवशी वन्संनी पर्समधून जखमेवर लावायची पट्टी काढली आणि धाकटीच्या नव्या यंत्रावरच्या 'सिंक' नावाच्या बटणावर घट्ट चिकटवून टाकली. ते बटण दाबलं की दोन गाण्यांचे ठेके आपोआप जुळतात, म्हणजे डीजेचं निम्मं काम यंत्रच उरकतं. "ही कुबडी आहे," वन्सं म्हणाल्या, "धडधाकट माणसाने कुबडीला हात लावू नये." मग त्यांनी लॅपटॉपचा पडदा भिंतीकडे फिरवला. त्यावर गाण्याच्या रंगीत लाटा दिसतात, आणि डोळे कामाला लागले की कान झोपा काढतात असं त्यांचं मत होतं. यंत्र विकताना दुकानदाराने ज्या दोन गोष्टींचं तोंड भरून कौतुक केलं होतं, त्या दोन्ही अशा चहा व्हायच्या आत निकालात निघाल्या.

धाकटी म्हणजे वन्संच्या सगळ्यात लहान भावाची बायको. घरात धाकटी, म्हणून कामावरही धाकटी. चाळिशी उलटली, केस पिकायला लागले, तरी नाव काही मोठं होईना. दोघी एकाच स्केटिंग हॉलमध्ये कामाला होत्या. वन्सं वर, काचेच्या खोलीत बसून गाणी वाजवायच्या. धाकटी खाली काउंटरवर लोकांचे बूट ठेवून घ्यायची आणि त्यांच्या मापाचे चाकांचे बूट द्यायची. एकाच घरातल्या दोन बायका. एकीच्या वाट्याला संगीत आलं आणि दुसरीच्या वाट्याला लोकांचे मोजे.

वन्संचे गुडघे आता जिना चढताना कुरकुरायला लागले होते. त्यांच्यामागे डीजे ठेवायचा मॅनेजरचा विचारच नव्हता. पेनड्राइव्ह एकदा लावला की दिवसभर वाजतो, रजा मागत नाही आणि उलट बोलत नाही, असं तो म्हणायचा. उलट बोलण्याचा टोमणा कोणाला होता ते सगळ्यांना कळायचं. "हा सीझन संपेपर्यंत मी हिला तयार करते," वन्संनी त्याला सांगून टाकलं. "झाली तयार तर खुर्ची हिची. नाही झाली तर लाव तुझा तो पेनड्राइव्ह."

ते ऐकल्यापासून धाकटीचं कशातच लक्ष लागेना. तिला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती की नवऱ्याजवळसुद्धा नीट बोलायची लाज वाटायची.

काम ऐकायला सोपं आहे. एक गाणं हॉलमध्ये वाजत असतं. पुढचं गाणं फक्त डीजेच्या हेडफोनमध्ये, एका कानात. दुसरा कान हॉलकडे उघडा. कानातल्या गाण्याचा वेग पट्टी सरकवून कमीजास्त करायचा, तबकडीला बोटाने हलकेच ढकलायचं नाहीतर अडवायचं, आणि दोन्ही ठेके एकावर एक पडायला लागले की नवं गाणं हळूच बाहेर सोडायचं. जमलं तर खाली चाकांवर पळणाऱ्याला गाणं कधी बदललं ते कळतही नाही. फसलं तर दोन ठेके एकमेकांच्या पायात येतात आणि मग खालची माणसंही.

धाकटी रोज संध्याकाळी मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर यंत्र मांडून बसायची. सुरुवातीला कानात नुसता बाजार भरायचा. हळूहळू त्या बाजारातला एक ठेका वेगळा ऐकू यायला लागला, मग दुसरा, आणि एके दिवशी दोन्ही असे एकात एक मिसळले की तिच्या अंगावर काटाच आला. वन्सं आल्या तेव्हा तिने मोठ्या तोऱ्यात पुन्हा तसंच करून दाखवलं.

"बघा, बसलं की नाही?"

वन्संनी हेडफोन कानाला लावला आणि नाक मुरडलं. "बसलंय, तिथेच तर चुकलंय. नवं गाणं कानात अर्धं पाऊल पुढे पळालं पाहिजे."

"अहो, पुढे पळालं तर बाहेर खडखडाट होईल."

"कर तर खरं."

धाकटीने तबकडीला बोट लावून नवं गाणं जरा पुढे ढकललं आणि बाहेर सोडलं. खडखडाट झाला. शेजारच्या खोलीत नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"हे असं हवंय तुम्हाला?"

"घरात असंच वाजणार," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "तिथे बसतं."

"पण का?"

"का म्हणजे? इतकी वर्षं बसतंय. हे सांगून येत नाही, हातात यावं लागतं."

आता यावर माणसाने काय बोलायचं? वन्सं थापा मारत असत्या तर प्रश्न मिटला असता. पण पुढच्या सुट्टीला धाकटी वर काचेच्या खोलीत जाऊन त्यांच्या शेजारी बसली, आणि तिथे खरंच तसंच होत होतं. हेडफोनमध्ये नवं गाणं पुढे पुढे धावत असायचं, ऐकून जीव घाबरा व्हायचा, आणि वन्संनी ते बाहेर सोडलं की दोन्ही गाणी दुधात साखर पडावी तशी विरघळायची. वन्संनी तिला एकदा हात लावू दिला. तिने घरच्यासारखं अगदी बरोबर जुळवून सोडलं, तर हॉलभर खडखडाट. खालच्या चार माणसांनी माना वर करून पाहिलं. म्हणजे घरी जे बरोबर ते इथे चूक, आणि इथे जे बरोबर ते घरी चूक. धाकटीच्या डोक्याचा पार भुगा झाला.

तिला वाटलं, यंत्रांचा दोष असेल. वरच्या खोलीत सगळ्या पिढ्या एकत्र नांदत होत्या. दोन रेकॉर्डची यंत्रं, दोन सीडीची, आणि मधल्या मिक्सरला पेनड्राइव्हसाठी एक भोक. तिने वन्संच्या मागे लागून तिन्ही तऱ्हा करून पाहिल्या. रेकॉर्ड बोटाखाली जड लागायची, सीडी निसटायची, पेनड्राइव्हवरचं गाणं आज्ञाधारकासारखं जागेवर उभं राहायचं. पण अर्धं पाऊल सगळ्यांनाच लागायचं. यंत्रं बिचारी निर्दोष सुटली.

मग तिने लोकांना विचारायला सुरुवात केली, आणि तिथेच चुकली. भाड्याने स्पीकर देणारा साउंडवाला म्हणाला, "ताई, तुमच्या लॅपटॉपमध्ये आवाज उशिरा निघतो, नवीन घ्या." दुकानदार म्हणाला, "बटणावरची पट्टी काढा." नवरा म्हणाला, "त्या हॉलमध्ये एवढी आरडाओरड असते, कोणाला ऐकू येतंय?" आणि वर, "ताईला उगाच चिडवू नकोस," हेही. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण मनच चक्रावलेलं असेल तर करायचं काय, हे कोणी सांगून ठेवलेलं नाही.

शेवटी तिने दोन हात शिकायचे ठरवले. घरी एक, हॉलसाठी एक. रात्री अंथरुणात पडल्यावर मात्र तिला शंका यायची की आपल्याला एकही येत नाही. वन्संना दिसतं ते आपल्याला दिसत नाही, त्यांच्या हातात काहीतरी दैवी आहे आणि आपण फक्त नक्कल करतोय, असं वाटून तिला रडू यायचं.

त्यात एका रविवारी सकाळी, हॉल उघडायच्या आधी, मॅनेजरने वरच्या खोलीत टेबलाखाली एक छोटा स्पीकर बसवून घेतला. झालं होतं असं की वन्सं हॉलचा आवाज वरचेवर वाढवायच्या आणि खालून तक्रारी यायच्या. "तुम्हाला ऐकू येत नाही ना, हा घ्या तुमचा खासगी स्पीकर," मॅनेजर म्हणाला. "हॉलमध्ये जे वाजेल ते इथे गुडघ्याशी ऐका, पण खालच्या लोकांचे कान सोडा." वन्संनी तो लावून पाहिला आणि खूश झाल्या. इतक्या वर्षांत या खोलीत त्यांच्यासाठी कोणी एक खिळासुद्धा ठोकला नव्हता.

आणि त्याच दुपारी, हॉल भरलेला असताना, वन्संचा ठेका चुकला.

धाकटी तेव्हा काउंटरवर कोणाच्या तरी लेस सोडवत होती. तिने कान टवकारले. असेल एखाद्या वेळी, म्हणून पुन्हा गाठीला लागली. पुढच्या गाण्याला पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याला तर असा खडखडाट झाला की दर रविवारी न चुकता येणारे निवृत्त पोस्टमास्तर हॉलच्या पार पलीकडच्या टोकाला एका सैल फळीवर चाक अडकून धपकन बसले. त्यांना लागलं काही नाही. पण ते बसल्या जागेवरून वर काचेकडे बघत राहिले, आणि त्यांच्याबरोबर निम्मा हॉल.

धाकटी जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढली. वन्संनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला होता. चेहरा पांढरा पडला होता.

"बस," त्या म्हणाल्या. "तू वाजव."

"अहो पण..."

"पुढे ढकललं, आणखी पुढे ढकललं, जितकं ढकलते तितकं बिघडतंय. माझा हात गेला. बस म्हणते ना."

धाकटी बसली. छाती अशी धडधडत होती की कोणता ठेका गाण्याचा आणि कोणता आपला हे कळेना. त्या गडबडीत ती अर्धं पाऊल साफ विसरली. कानाला जिथे गोड लागलं तिथे गाणं बसवलं आणि डोळे मिटून सोडून दिलं. ते बसलं. पुढचंही बसलं. खाली माणसं पुन्हा गोल फिरायला लागली. तिला आनंद व्हायला हवा होता, पण ती जास्तच गोंधळली. ही घरची रीत होती. घरची रीत इथे कधीपासून चालायला लागली?

वन्सं सगळं बघत होत्या. "तुझा कान खरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माझाच संपला वाटतं."

मॅनेजर दारात येऊन उभा राहिला होता. "छान. पुढच्या रविवारपासून धाकटीच बसेल मग."

"आज या खोलीत काहीतरी वेगळंच वाजतंय," वन्सं म्हणाल्या.

"ताई, नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला. त्याला बोचायचं नसेलही, पण बोचलं. वन्सं कठड्याला धरून एकेक पायरी उतरल्या आणि खालच्या बाकावर पर्स मांडीत घेऊन बसून राहिल्या.

पोस्टमास्तर पडले तिथली फळी ठोकायला थोडा वेळ हॉल रिकामा केला. गाणी बंद झाली. धाकटी एकटीच खुर्चीवर बसून होती. हवी होती ती खुर्ची. तिने हात टेबलावरून फिरवून पाहिला. समोर, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या स्पीकरांच्या पायथ्याशी सुतार वाकून खिळे ठोकत होता. हातोडा खाली आला, आणि मग ठक झालं. पुन्हा खाली आला, मग ठक. तिला वाटलं आपले डोळे दमले. तिने नीट पाहिलं. हातोडा फळीला लागून परत वर निघायचा, तेव्हा कुठे आवाज तिच्यापर्यंत पोचायचा.

ती तशीच बघत बसली, आणि महिनोन्‌महिने डोक्यात बसलेली ती गाठ आपोआप सुटत गेली. हॉलचे स्पीकर तिकडे, त्या टोकाला. तिथला आवाज इथे येईपर्यंत उशीर होतो. कानातलं गाणं मात्र लगेच ऐकू येतं. म्हणजे इथे बसून बाहेरच्या ठेक्याशी कानातलं जुळवलं, तर ते उशिरा आलेल्या ठेक्याशी जुळतं आणि बाहेर मागे पडतं. म्हणून अर्धं पाऊल पुढे. घरी स्पीकर इस्त्रीच्या टेबलावरच, तिथे उशीर कसला? आणि आता हा नवा स्पीकर गुडघ्याशी. हॉलचं गाणं तो जागच्या जागी ऐकवतो. अर्ध्या पावलाची गरजच संपली. वन्संचा हात गेलेला नव्हता, हात जिथे असायला हवा तिथेच होता. अंगण खरोखरच वाकडं होतं, वन्सं इतकी वर्षं त्या वाकड्या अंगणात सरळ नाचत होत्या, आणि आज सकाळी मॅनेजरने नकळत ते सरळ केलं होतं.

हे कळल्यावर धाकटीला आधी हसू आलं. मग हसू थांबलं. कारण हे फक्त तिलाच कळलं होतं. ती गप्प बसली तर खुर्ची तिची. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे. गुडघे तर तसेही दुखतच होते, सीझननंतर त्या उठणारच होत्या. असं म्हणायच्या तरी. धाकटीने स्वतःला बरंच समजावलं. पण काचेतून बाकावरच्या वन्सं दिसत होत्या, मांडीवर बोटांनी ठेका धरून, तो बरोबर पडतोय का ते स्वतःशीच तपासत बसलेल्या. ते तिला बघवेना. मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत ती जिना उतरली.

तिने सगळं सांगितलं. सुताराकडे बोट दाखवलं, स्पीकर दाखवले. वन्संनी हातोडा खाली येताना पाहिला, ठक ऐकलं.

"म्हणजे मी करत होते ते बरोबर होतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"अगदी बरोबर होतं."

"पण का बरोबर होतं ते मला ठाऊक नव्हतं. मी तुला सांगायचे, हातात यावं लागतं." त्या धाकटीकडे वळल्या. "मग मला येत होतं की नव्हतं गं?"

येत होतं म्हणावं तर आत्ता काय झालं? आणि नव्हतं म्हणावं तर इतक्या वर्षांत इथे चाकांवर शिकलेली सगळी माणसं कोणाच्या ठेक्यावर शिकली?

वन्सं उठल्या. "काउंटर सांभाळ," एवढंच म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

हॉल पुन्हा उघडला. पहिलं गाणं सुरू झालं, ते संपता संपता दुसरं आलं, आणि ते कुठून आलं ते कोणाला कळलं नाही. तिसरंही तसंच. छोटा स्पीकर बंद करून वन्सं आपल्या जुन्या रीतीने वाजवत होत्या, आणि काय वाजवत होत्या. मॅनेजर काउंटरशी येऊन म्हणाला, "ताईंचा हात परत आला की. बरं झालं बाई." धाकटी हो म्हणाली. गेली खुर्ची, ती मनात म्हणाली, आणि एका माणसाला चुकून एक माप लहान बूट दिले. आपण केलं ते शहाणपण की मूर्खपणा, हे तिला ठरवता येईना. डोळ्यांत पाणी येत होतं आणि छातीवरचं ओझंही उतरलं होतं, दोन्ही एकाच वेळी.

तेवढ्यात हॉलभर खडखडाट झाला.

धाकटीने मान वर केली. छोटा स्पीकर बंद असताना वन्संचा ठेका चुकत नाही. म्हणजे तो चालू होता, आणि चालू करणाऱ्या त्याच होत्या. गाणं अडखळलं, पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा अडखळलं. भरल्या हॉलसमोर, खाली पोस्टमास्तरांपासून सगळ्यांनी माना वर केलेल्या असताना, वन्सं तबकडीला बोट लावून जागा शोधत होत्या. सापडत नव्हती, तरी थांबत नव्हत्या. मग माइक खरखरला.

"धाकटी," सगळ्या हॉलला ऐकू गेलं, "जरा वर ये गं. मला हे जमत नाहीये."

पोस्टमास्तर कठड्याला धरून काउंटरपर्यंत आले. "आज काय झालंय काय तुमच्या बाईंना?"

धाकटीने हातातले बूट त्यांच्यासमोर ठेवले आणि काउंटरची फळी उचलून बाहेर आली.

"काही नाही," ती म्हणाली. "शिकतायत."